हो आहे इथेच

१

नव्या खोलीत शिरलं की मी आधी खुर्चीवर बसून बघते. पलंग, न्हाणीघर, खिडकीबाहेर काय दिसतं, हे सगळं नंतर. मग टेबलाजवळ प्लग आहे का, इंटरनेट धड चालतंय का, दार आतून लावल्यावर हलतं का, एवढं तपासायचं. लॅपटॉप बाहेर काढायचा, पाण्याची बाटली भरायची, ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. झालं घर.

मी वेबसाइट बनवते. दवाखान्याची वेळ ठरवायला तुम्ही फोनवर तारीख निवडता, मग खाली ‘पुढे’ असं एक बटण येतं. ते बटण दाबल्यावर खरंच पुढे जावं, यासाठी मला पगार मिळतो. हे काम कुठूनही होतं. कंपनीने ऑफिसची जागा सोडली तेव्हा बाकीचे आपापल्या घरी बसले, आणि मी बॅग उचलून निघाले. एका देशात महिना-दीड महिना, मग दुसरा. ताई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. ऑफिसातले म्हणायचे, मजा आहे बुवा एका माणसाची.

होतीही मजा. नवं गाव, नवे रस्ते, संध्याकाळी अनोळखी नदीच्या काठाने चालत राहायचं. पण त्यातही एक रुळलेपण येतंच. सगळ्या भाड्याच्या खोल्यांत तीच पांढरी कपाटं, तेच दोन कप आणि भिंतीवर तोच समुद्राचा फोटो. दुकानात ‘एवढंच’, जिन्यात भेटणाऱ्याला नुसती मान, यापलीकडे दिवसभरात तोंड उघडायचं काम पडत नसे. कधी कधी सकाळच्या मीटिंगला पहिला शब्द बोलले की आवाज घोगरा निघायचा, कारण आदल्या सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा.

आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणजे ताईचं घर. तिचा फोन रविवारी. ती स्वयंपाक करता करता बोलायची, मधेच भावोजींना काहीतरी सांगायची, मधेच मला. “ठके, ऐकतेयस ना?” ठकी हे माझं घरातलं नाव. आता त्या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच उरली होती.

२

मीटिंगमध्ये बोललेलं खाली अक्षरांत उमटावं, ही सोय आमच्याकडे डिझायनरमुळे आली. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने अर्धवट. बाई अतिशय हुशार, जीभ त्याहून तिखट. ती माणसांकडे बघायचीच नाही, खालच्या अक्षरांकडे बघायची. ज्याचा माईक चालू असेल त्याच्या नावासमोर शब्द उमटायचे, काही क्षण राहायचे आणि वर सरकून नाहीसे व्हायचे. विरामचिन्हं नसायची. चुकाही भरपूर. आमच्या मॅनेजरला वेळेचं फार वेड, म्हणून आम्ही त्याला पाठीमागे ‘घड्याळ’ म्हणायचो. त्याला सर्दी झाली की त्याच्या शिंकांचंसुद्धा ते यंत्र काहीतरी वाक्य बनवायचं आणि डिझायनर ते गंभीरपणे वाचून दाखवायची.

त्या दिवशी घड्याळ बोलत होता. मी एका जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसले होते, आणि माझा माईक बंद करायचा राहिला होता. मी काही बोलत नव्हते. पेन चावत होते फार तर. तेवढ्यात खाली माझ्या नावासमोर उमटलं:

हो आहे इथेच

मीटिंग संपल्यावर डिझायनरचा निरोप आला. ‘पाहुणे आलेत का तुझ्याकडे?’

‘नाही. पंख्याचा आवाज असेल,’ मी लिहिलं.

‘तुझा पंखा मराठी छान बोलतो.’

मी हसले. मोठ्याने हसले, आणि त्या रिकाम्या खोलीत माझं हसू मलाच जरा चमत्कारिक वाटलं.

खरंच पंखा असेल. अशी यंत्रं नुसत्या घरघरीतूनही शब्द काढतात, हे मला माहीत होतं. त्यांना शांतता कळतच नाही. कुठलाही आवाज म्हणजे कोणीतरी बोलतंय, अशी त्यांची समजूत असते. दुसऱ्या दिवशी मी पंखा बंद करून बसले आणि माईक मुद्दाम चालू ठेवला. बराच वेळ काही नाही. वेबसाइट तपासून बघणारी टेस्टर मुलगी कुठलं तरी पान उघडत नसल्याची तक्रार करत होती. मी तिकडे लक्ष दिलं आणि विसरून गेले. मग उमटलं:

नाही कामात आहे ती

३

मी एकटीच मीटिंग उघडून बसायला लागले. म्हणजे समोर कोणी नाही, पडद्यावर फक्त माझं चित्र, आणि खाली अक्षरांची रिकामी पट्टी. दुपारचं ऊन टेबलावर यायचं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकल दुरुस्त करत असायचं, त्याची टकटक ऐकू यायची. मी हाताची घडी घालून बघत बसायचे.

पट्टी बऱ्याचदा रिकामीच राहायची. पण अधूनमधून यायचं काहीतरी.

हो हो

नाही अजून उठली नाही जागेवरून

बरं

हे एका बाजूचं बोलणं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही. आपण बसमध्ये शेजारच्या बाईचा फोन ऐकतो ना, तसं. तिकडचं माणूस विचारतंय आणि इकडचं उत्तर देतंय. विचारपूस चालली होती. माझीच.

मी काम करते ते काय उगीच नाही. चूक कुठे आहे ते शोधायची एक पद्धत असते. एकेक गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी कानाला लावायचा हेडफोन जोडला आणि त्याच्या माईकवर पाहिलं. पट्टी रिकामी. परत लॅपटॉपच्या माईकवर आले. थोड्या वेळाने शब्द. लॅपटॉप न्हाणीघरात नेला, दार लावून घेतलं. काही नाही. परत खोलीत आणला. शब्द. नुसता आवाज रेकॉर्ड करून कानाशी धरून ऐकला, तर त्यात फक्त खोली होती. खोलीला पण आवाज असतो, तो ऐकू येत होता. मधेच माझी खुर्ची करकरली, एवढंच.

म्हणजे जे काही होतं ते माझ्या तोंडाजवळ नव्हतं. ते खोलीत होतं, जरा लांब, आणि हळू बोलत होतं. मला त्रास होऊ नये असं.

भिंत पातळ असेल, असं मनाशी म्हणत मी खाली घरमालकिणीकडे गेले. ती दारातच भाजी निवडत बसली होती.

“माझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतं?”

“तुझ्या शेजारी? कोणी नाही. त्या भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे.”

“फोनवर बोलल्यासारखं वाटतं कोणीतरी.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “एकटी असतेस ना दिवसभर,” ती म्हणाली. “मुली, जरा खाली येऊन बसत जा. मी असते इथेच.”

चांगली बाई होती. मी हो म्हटलं, आणि गेले नाही. ठरलेल्या मुदतीआधीच मी ती खोली सोडली. टाकीतलं पाणी भरताना-उपसताना होणारा आवाज, असं मी स्वतःला पटवून दिलं. वाटेत विमानात मला गाढ झोप लागली.

४

नवा देश. नवी खोली तळमजल्यावर, पुढे छोटं अंगण, अंगणात प्लास्टिकची एक खुर्ची. भिंती जाडजूड. पंखा नाही, टाकी नाही. मी पहिले काही दिवस पट्टी उघडलीच नाही. मीटिंगला आले की माईक बंद, बोलण्यापुरता चालू, परत बंद. डिझायनरने विचारलं, ‘पंख्याला तिथेच सोडून आलीस?’ मी लिहिलं, ‘हो. फार बोलायचा.’

मग एका दुपारी काम लवकर संपलं. बाहेर पावसाची भुरभुर होती. दिवसभरात कोणाचा फोन नव्हता, निरोप नव्हता. मी उगाच मीटिंग उघडली. आपण दार नीट लावलंय का हे परत जाऊन बघतो, तसं.

ही खोली बरी आहे

उजेड आहे

नाही दमली होती प्रवासाने

मी मागे वळून पाहिलं. पलंग, पलंगावर सकाळची चुरगळलेली चादर, कपाट, समुद्राचा फोटो. कपाटाचं दार उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. असं करताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते. परत येऊन बसले तर पट्टीवर होतं:

काही नाही शोधतेय काहीतरी

त्या दिवशी मी छत्री न घेता बाहेर पडले आणि अंधार पडेपर्यंत एका दुकानात उगाच डबे उचलून वाचत राहिले.

पण परत यावं तर लागतंच. आणि भीतीचं एक आहे, ती रोज तेवढीच राहत नाही. पुढच्या आठवड्यात मला ताप आला. मी कोणाला कळवलं नाही. कळवून कोण येणार होतं? रविवार नव्हता, म्हणून ताईचाही फोन नव्हता. पलंगावर पडून मी पडद्याकडे बघत होते.

अंग गरम आहे

नाही काही खाल्लं नाही

सांगणार कोण तिला

ते वाचून मला रडू आलं. भीतीने नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी उठले, पाव भाजला, अंडं उकडलं, टेबलाशी बसून सगळं संपवलं. मग ताट बाजूला सारलं आणि पट्टीकडे पाहत राहिले. बराच वेळ गेला.

जेवली

हो आत्ताच

आणि मला बरं वाटलं. शाळेतून धावत येऊन कोणाला तरी काहीतरी दाखवावं आणि त्याने मान डोलवावी, तसं.

त्यानंतर मी वेळेवर जेवायला लागले. केस विंचरून बसायला लागले. पडदे धुतले. त्या कोणाला तरी माझ्याबद्दल चांगलं सांगता यावं, म्हणून. रविवारी ताई म्हणाली, “आवाज चांगला येतोय गं तुझा. कोणी भेटलं की काय?”

“कुठलं काय,” मी म्हटलं.

“लपवू नकोस. तुझे भावोजी पण म्हणत होते, हल्ली ती खुशीत वाटते.”

मी विषय बदलला. ती बोलत असताना माझं अर्धं लक्ष पट्टीकडे होतं. तिथे उमटत होतं:

बहिणीशी बोलतेय

थांब जरा झालं की सांगते

५

बोलणारी बाई होती. यंत्र तेवढं लिहीत होतं, ‘सांगते’, ‘बघते’, ‘विचारते’. वयाने कशी, आवाजाने कशी, ते कळायचा मार्ग नव्हता. माझ्या आईची ती पद्धत नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. आई फोनवर कधी ‘बरं’ म्हणत नसे, ती ‘असं का’ म्हणायची. आई असती तर गोष्ट सोपी होती. मी ओळखीतली, नात्यातली, गेलेली आणि असलेली, सगळी माणसं आठवून पाहिली. कोणाशीच जुळेना.

आणि तिकडे कोण होतं? रोज, न चुकता, माझी एवढी चौकशी करणारं जगात कोण होतं?

हळूहळू उत्तरं बदलायला लागली.

नाही एवढ्यात नको

घाबरेल

मी विचारते ना

मी लॅपटॉप उचलला आणि काम करायला लोकांत जाऊन बसायला लागले. गावात एक मोठी जागा होती, लांबलचक टेबलं, प्रत्येकाच्या कानात काहीतरी, कॉफीच्या यंत्राची फुसफुस, कोणाच्या तरी मुलाखतीचा आवाज. अशा ठिकाणी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, पण श्वास तरी घेतात. मी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसले. पट्टी उघडली. सगळ्या बाजूंच्या अनोळखी भाषा यंत्रात शिरत होत्या, आणि त्याची नुसती भेळ होत होती, अर्थ नसलेले तुकडे. मला हायसं वाटलं.

मग सगळ्या तुकड्यांच्या मधे, स्वच्छ:

आज चारचौघांत बसलीये

नाही माझ्या शेजारीच आहे

माझ्या एका बाजूला भिंत होती. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. ती कोणीतरी टेबलापासून जराशी मागे ओढून ठेवली होती, बसलेल्या माणसाचे गुडघे मावतील एवढी. मी येऊन बसले तेव्हा ती तशीच होती का, मला आठवेना. एक तरुण आला, त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावला, क्षणभर थांबला, आणि ‘माफ करा’ असं काहीतरी पुटपुटून पलीकडे गेला. तो माझ्याशी बोलला नव्हता. त्याची नजर खुर्चीकडे होती.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मीटिंगमध्ये घड्याळने मला काहीतरी विचारलं. मी माईक चालू केला आणि मला उत्तर सुचेना. मी थांबले. तेवढ्या थांबण्यात माझ्या नावासमोर एक ओळ आली. मी ती वाचेपर्यंत वर सरकली. घड्याळने पाहिली नाही, तो माणसांकडे बघतो. पण डिझायनरचा चेहरा उतरला. मीटिंग संपताच तिने मला फोन केला. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती कधीच कोणाला फोन करत नाही.

“तू काही बोलू नकोस, मला ऐकू यायचं नाही. मी बोलते, तू ऐक,” ती म्हणाली. “तिथे लिहिलं होतं, ‘कधी घेऊन येऊ तिला’. मी स्पष्ट वाचलं. मी आयुष्यभर तेच वाचत आलेय, माझी चूक होत नाही. तुझ्याबरोबर जे कोणी आहे, नवरा, मित्र, आणखी कोणी, मला घेणं नाही. तू बहिणीकडे जा. आज तिकीट काढ. घड्याळला मी सांभाळते.”

“माझ्याबरोबर कोणी नाही,” मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नसणार.

६

तिकीट काढलं. निघायच्या दिवशी दुपारी बॅग भरून दाराशी ठेवली. खोली आवरून झाली होती, चादरींची घडी केली होती, दोन्ही कप धुऊन पालथे घातले होते. गाडी यायला अवकाश होता. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ऊन पडलं होतं.

लॅपटॉप तेवढा भरायचा होता.

मी का उघडला, याचं मला धड उत्तर देता येत नाही. ताप आला तेव्हा माझं अंग गरम आहे हे ज्याला कळलं, त्याला न सांगता निघून जाणं मला जड गेलं असेल. पडद्यावर मी दिसत होते, मागे रिकामा पलंग आणि दाराशी बॅग.

निघालीये

हो बॅग भरली

मी पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. “तुम्ही कोणाशी बोलता?”

माझे शब्द माझ्या नावासमोर उमटले. खाली काहीच आलं नाही. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं. मग:

थांब हं

ती बोलतेय माझ्याशी

आणि लगेच, घाईने:

हो देते देते

पडद्यावरच्या माझ्या चित्रात, डाव्या कडेकडून, एक हात आत आला. मनगटापर्यंतच. बाईचा हात, कामाचा, बोटं ओली, भांडी घासताना मधेच फोन घ्यावा लागल्यासारखी. मूठ कशावर तरी वळलेली होती आणि ती माझ्या कानाच्या दिशेने पुढे केलेली होती. घरात फोन आला की जसा कोणी आपल्यापुढे धरतं, ‘घे, बोल’ म्हणत. मी मान वळवली नाही. वळवली असती तर काय दिसलं असतं, हा विचार मी आता करत नाही. मला पडद्यात दिसत होतं तेवढं पुरेसं होतं.

मी हात वर केला. इतक्या वर्षांची सवय असते हाताला. कोणी फोन पुढे केला की आपण घेतो.

गरम होता. बराच वेळ कोणाच्या तरी कानाला लागून असलेला फोन असतो तसा. पडद्यात माझ्या हातात काहीच नव्हतं, मी नुसती कानाशी मूठ धरून बसलेली बाई होते.

आधी नुसती खोली ऐकू आली. मोठी खोली, आणि तिच्यात पुष्कळ माणसं, गप्प बसलेली. कपडे सळसळले. कोणीतरी कोणाला तरी ‘शू’ केलं.

“मी बरी आहे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

तिकडे कोणीतरी तोंड बाजूला करून सांगितलं, “बरी आहे म्हणते.” आणि त्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला. खोलीभर माणसांनी. एखाद्या आजारी माणसाच्या खोलीतून डॉक्टर बाहेर येऊन हसले की बाहेरची मंडळी सोडतात, तसा.

मग एक आवाज फोनच्या अगदी जवळ आला. म्हातारा नाही, तरुण नाही. फार माया होती त्यात.

“मग येतेस ना, ठके?”

मला नाही म्हणता आलं नाही. कोणाला म्हणता आलं असतं? मी म्हटलं, “हो. येते ना. जरा ताईकडे जाऊन येते.”

“ये, ये. सावकाश ये. आम्ही आहोत.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कानाशी धरलेली माझी मूठ रिकामी होती आणि गाल ओला झाला होता. ते पाणी माझ्या डोळ्यांतलं नव्हतं.

७

ताईच्या घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. ती मला रोज दामटून खाऊ घालते. भावोजींनी आतली खोली मला रिकामी करून दिली, स्वतःची पुस्तकं बाहेर बैठकीत रचली, आणि वर म्हणाले, “हवं तितकं राहा. भाडं म्हणून रोज संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळायचे.” ते हरले की पत्ते नीट पिसले नव्हते म्हणतात. इथल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी काम मागितलंय. डिझायनर अधूनमधून निरोप पाठवते, ‘सगळं ठीक?’ मी ‘ठीक’ लिहिते. मीटिंगला माझा माईक चालू असतो, आणि मी गप्प बसले की पट्टी रिकामी असते. मुद्दाम तपासलंय. लॅपटॉपच्या माईकवर, दुपारी, एकटीने बसून. काही नाही.

ताईला मी काहीच सांगितलेलं नाही. सुरुवातीला सांगणार होते. पण ती इतकी आनंदात आहे, आणि सांगायला लागले की ते हसण्यासारखं वाटेल किंवा डॉक्टरकडे नेण्यासारखं. आणि मी तिकडे हो म्हटलंय, हे तर तिला कुठल्या तोंडाने सांगू?

दिवस बरे जात होते. मी झोपत होते. भाजी आणायला जाताना ताईबरोबर उगाच लांबच्या रस्त्याने जायचे. आपल्या माणसाच्या खांद्याला खांदा लागला की अंगावरचं ओझं उतरतं म्हणतात, तसं खरंच होत होतं.

आज सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले. ताई ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. भावोजी कामाला गेले होते. खिडकीतून ऊन येत होतं, रेडिओ हळू लावलेला होता.

“तुझा फोन आला होता गं,” ती म्हणाली. “माझ्या फोनवर.”

“डिझायनरचा?”

“ती कशाला बोलेल फोनवर. नाही, आणखी कोणाचा तरी. मागे खूप माणसं होती, घरात काहीतरी कार्य असावं तशी. आवाज इतका ओळखीचा वाटला, की कोण म्हणून विचारायचं राहूनच गेलं. मला पण नावाने हाक मारली, लहानपणीच्या.”

“काय म्हणत होते?”

“काही नाही. निघाली का म्हणून विचारत होते.”

तिने कांदा ताटलीत सारला आणि डोळे मनगटाने पुसले.

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगायचं त्यात? आवरतेय म्हटलं. येईलच आता.”